बिनआवाजाची आक्का

२ नोव्हेंबर, रविवार

खताच्या दुकानदाराने दिलेली ही डायरी जानेवारीपासून फडताळात पडून होती. दहा महिने कोरे गेले. आज लिहायला घेतली, कारण आज मी खोटं बोलले आणि ते कुठेतरी ठेवायला जागा हवी.

मंगल, म्हणजे आमच्या बचत गटाची सचिव, दुपारी कळंबच्या एका बाईंना घेऊन आली. बाईंच्या मुलीचा साखरपुडा सात डिसेंबरला आहे. शंभर माणसांची मासवडी हवी. बाई म्हणाल्या, "पण लंकाबाईंच्या हातची असंल तरच हं. आमच्या दिराच्या लग्नात खाल्ली व्हती, अजून जिभेवर हाये." मी म्हणाले, त्यांच्याच हातची. मंगलने माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीकडे पाहिलं.

लंकाबाई म्हणजे आक्का, माझी थोरली जाऊ. ती दीड वर्षापासून येडगावात नाही. तिचा रामनाथ कोइमतूरला पंपाच्या कारखान्यात आहे, त्याने तिला नेली. एकतीस वर्षं आम्ही दोघी मिळून मासवडीच्या ऑर्डरी केल्या. आता मी एकटी करते आणि माझी फुटते. बेसन हाटून घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर गरम गरम थापायचं, वर तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि निवायच्या आत फडक्यासकट वळून माशासारखा आकार द्यायचा. इथवर सगळ्यांना येतं. पण वळताना मधोमध चीर जाते आणि सारण बाहेर येतं. आक्काची फुटलेली मी एकदाही पाहिली नाही.

खरं तर वळतानाही पाहिलेली नाही. वळायला बसली की ती भिंतीकडे तोंड करायची. वळताना कोणी पाहिलं की मासवडी फुटते, असं आमच्या सासूबाईंनी तिला सांगितलेलं. सासूबाईही भिंतीकडेच तोंड करायच्या. मी तीळ भाजले, खोबरं किसलं, वड्या कापल्या, आणि एकतीस वर्षं आक्काची पाठ पाहिली. तिच्या चोळीच्या पाठीवरचं ठिगळ मला माहीत आहे. हात माहीत नाहीत.

जायच्या आधी तिचं माझ्याशी बिनसलं होतं. मसाल्याचा डबा मी लपवला म्हणाली. डबा तिच्याच कपाटात साड्यांच्या खाली निघाला, तरी मीच ठेवला म्हणाली. पाणी किती घालता, एवढं विचारलं तर म्हणाली, "ज्याचं त्यानं शिकावं." आणि जाताना आमच्या दोघींचा फोटो भिंतीवरून काढून नेला. नारायणगावच्या प्रदर्शनातला, परात मध्ये धरून काढलेला. खिळा तेवढा राहिला. मी त्याला काही टांगलेलं नाही.

उद्या परवा फोन करावाच लागेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

केला. दुपारी दीडला, व्हिडिओ कॉल. समृद्धीने, म्हणजे रामनाथच्या बायकोने, फोन आक्कापुढे धरला. सहा महिन्यांनी तोंडं पाहिली एकमेकींची. आक्का वाळलीय. अंबाडा नाही, समृद्धीने एक वेणी घालून दिलेली. त्या वेणीत ती शाळेतल्या मुलीसारखी दिसत होती. मला हसू आलं आणि मग आलं नाही.

पहिला प्रश्न काय, तर "अंजने, मोरी व्याली का गं?" मोरी गाय तिच्या डोळ्यांदेखत विकली होती. विकायचा हट्ट माझा होता. म्हणजे अजून ती टोचणी आहेच मनात. मी विषय बदलला आणि सरळ विचारलं, पाणी किती.

"एका मापट्याला दीड तांब्या," म्हणाली. इतक्या सहज सांगितलं की मी दोनदा विचारलं.

मला वाटलं होतं, तिचा आवाज ऐकून राग येईल. राग आला नाही. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघर जरा जास्तच मोठं वाटलं.

६ नोव्हेंबर

दीड तांब्या. पातळ झालं. फडक्यावरून ओघळलं. आमच्या ह्यांनी पिठलं म्हणून भाकरीशी खाल्लं आणि वर म्हणाले, छान झालंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज म्हणाली दोन तांबे. मी म्हटलं, परवा तर दीड म्हणालात. "मी कशाला दीड म्हणीन? तुलाच ऐकू येत नाय," म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

आता माझ्या ध्यानात आलं. तिला सांगायचंच नाही. फोनवर नाही म्हणता येत नाही, सून शेजारी असते, म्हणून वेगवेगळं सांगते. मी फसले की तिकडे बसून हसणार. मी काय तिचं नाव पुसायला निघालेय? तिच्याच नावाने ऑर्डर घेतलीय.

(हे लिहिल्यावर वाटलं, तेच तर चुकलंय.)

९ नोव्हेंबर, रविवार

मंगलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग रेकॉर्ड कर की. बोलणं फिरवलं का तोंडावर दाखव." फोनवरचं चित्र फोनमध्येच धरून ठेवता येतं, हे मला माहीत नव्हतं. वरून बोट खाली ओढायचं, कॅमेऱ्याचं चित्र दाबायचं, तीन-दोन-एक होतं आणि कोपऱ्यात लाल ठिपका लागतो. मंगलने एकदाच दाखवलं आणि गेली. बाकी मी शोधलं. आवाज कुठला घ्यायचा असं विचारतो, तिथे माइकचं चित्र असलेलं निवडलं. आवाज माइकनेच येतो, एवढं कळतं मला. मी चौथीपर्यंत शिकले, पुढचं सगळं वाणसामानाच्या पुडीवरचे कागद वाचून.

आमचे हे म्हणाले, "जावाजावांची भांडणं आता मोबाईलमदी साठवणार का? जागा पुरायची न्हाई त्याला."

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिलं रेकॉर्ड झालं. फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवला, लाल ठिपका लागला की नाही ते चष्मा लावून पाहिलं, आणि मग कॉल लावला. आक्काला काही सांगितलं नाही. सांगितलं तर ती शहाण्यासारखी बोलेल.

मी मुद्दाम म्हटलं, पाण्याचं राहू दे, वळायचं कसं ते तरी सांगा. मला वाटलं, आता कुलूप लागणार तोंडाला. तर आक्काने मांडीवर पदर पसरला, खोटं खोटं बेसन थापलं, आणि तिथेच, माझ्यासमोर, हवेत वळायला लागली. पाठ केली नाही.

मला नवल वाटलं. परमुलखात नजर लागायची भीती नसेल. मी मात्र सवयीने मान खाली घातली. एकतीस वर्षांची सवय, मान आपोआप गेली. म्हटलं, मोबाईल पाहतोय ना, पुरे. ती वळता वळता बोलत होती ते कान देऊन ऐकलं. पीठ थंड होऊ द्यायचं म्हणाली. मागे एकदा म्हणाली होती, गरमच हवं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन रेकॉर्ड आणखी. आज आक्का मला "तुमी" म्हणाली. "तुमी जेवलात का?" जन्मात कधी म्हणाली नव्हती. "अगं" नाही, "अंजने" नाही. टोमणा कळतो मला. मीही म्हणाले, हो, तुमच्या कृपेने जेवले. ती गोड हसली. मग बाजूला पाहिलं, आणि एकदम म्हणाली, "अंजने, दोडके लावलेस का गं मांडवावर?"

म्हणजे लाज वाटली असेल.

फोन झाल्यावर मी परसात जाऊन दोडक्याच्या वेलाकडे पाहत उभी राहिले. ते वेल तिनेच लावलेल्या बियांचे. दर साली बी धरते मी. बिबट्याच्या भीतीने हल्ली दिवस कलायच्या आत घरात यावं लागतं, म्हणून आले, नाहीतर उभीच राहिले असते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मधले दिवस कांद्याच्या लागणीत गेले. तरी तीन वेळा कॉल केला. आता पाणी विचारायला म्हणून लावते आणि पाणी विचारायचंच राहून जातं.

आक्काने आज मी लग्न होऊन आले त्या दिवसाची गोष्ट सांगितली. मी उंबऱ्यावर माप ओलांडताना इतक्या जोरात पाय मारला की तांदूळ ओसरीपर्यंत गेले, आणि सासूबाई म्हणाल्या, ही पोर घर उधळणार. आक्का म्हणते, "मी रातभर तांदूळ येचलं आन तुझ्यासाटी त्याचाच भात केला." हीच गोष्ट मंगळवारीही सांगितली होती. बुधवारीही. दर वेळी तशीच, शब्दाला शब्द, आणि दर वेळी नव्याने हसते. मी म्हणू शकले असते, आक्का, सांगितलंत की. नाही म्हणाले. पाणी सांगायला नको म्हणून गोष्टी सांगते, हे कळतंय. पण गोष्ट माझी आहे. ऐकते.

सात रेकॉर्ड झाले. एकही लावून पाहिलेलं नाही. त्यात ती वळताना आहे, आणि वळताना पाहायला मन घेत नाही. पण आता पंधरा दिवस राहिले. पाहावं लागेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काय लिहू.

दुपारी पहिलं रेकॉर्ड लावलं. आक्काचे ओठ हलतात. आवाज नाही. फोनचा आवाज पुरता वाढवला, तर एकदम माझाच आवाज आला: "हं. हं. मग? आणि मीठ?" मी बोलते, मग सगळं गप्प, मग मी पुन्हा "हं". दुसरं लावलं. तसंच. सातही तसेच. तांदळाची गोष्ट तीन वेळा सांगितली ती तीनही वेळा गप्प, आणि मी एकटी वेड्यासारखी हसतेय.

आधी फोनचा राग आला. मग मंगलचा. मग बसूनच राहिले. पुराव्यासाठी घेतलं होतं, हे खरं. पण तिचा आवाज घरात आहे, फडताळात ठेवल्यासारखा, असं गेले पंधरा दिवस मला वाटत होतं. तो नव्हताच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळीच जीपने नारायणगावला गेले. दाखले काढून देणाऱ्या केंद्रातले बाळासाहेब ओळखीचे आहेत. त्यांनी फोन उलटसुलट पाहिला. म्हणाले, फोन चांगला आहे, बिघाड नाही. कॉलमधला समोरच्याचा आवाज धरू द्यायचा नाही, असंच बनवतात यात. माइक लावला म्हणून तुमचा तेवढा आला.

मी विचारलं, का असं?

"लोक चोरून दुसऱ्याचं बोलणं धरतात ना, मावशी. मग भांडणं व्हत्यात."

मी पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

मग म्हणाले, आवाजासकट पाहिजे तर माझ्या काँप्युटरवर करू. मीटिंगसारखा कॉल असतो, तो रेकॉर्ड होतो. पण लपून होत नाही. दोन्हीकडे पाटी येते की रेकॉर्डिंग चालू आहे. समोरच्याला विचारावं लागतं.

मी म्हटलं, बघते. टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता भरला होता, घरी यायला दुपार झाली. वाटेत एकच विचार: विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती का? मी विचारलंच नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी हे मळ्यात गेले. मी दार लोटून घेतलं आणि सातही रेकॉर्ड परत लावले. आवाज नाही तर नाही, निदान तोंड पाहावं, एवढंच मनात होतं.

आवाज नसला की काय होतं, ते लिहिते. कॉल चालू असताना मी फक्त तांबे मोजत होते. दीड की दोन, गरम की थंड. तिच्या तोंडाकडे माझं लक्षच नव्हतं. आज मोजायला काही नव्हतं.

आक्का बोलायच्या आधी थांबते. डोळे इकडेतिकडे फिरतात, अंधारात काडेपेटी चाचपल्यासारखे. मग डावीकडे पाहते. डावीकडे पाहिलं की ओठ हलतात, "अंजने". दर वेळी. आधी डावीकडे, मग अंजने. ज्या दिवशी "तुमी" म्हणाली, त्या दिवशी सुरुवातीला डावीकडे पाहिलेलंच नाही. मग एक बांगड्यांचा हात कडेने आत आला, काहीतरी धरलेला. समृद्धीचा हात. मी चित्र तिथे थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. शिंपल्यांच्या चौकटीचा कोपरा. ती चौकट मी यात्रेत घेतली होती. आमच्या फोटोची.

खिळ्यावरचा फोटो. माझं नाव आठवावं म्हणून तिच्यापुढे धरतात.

मी उठून चुलीपाशी गेले, परत आले. गाय, डबा, दीड तांब्या, दोन तांबे, सगळं एकदम समोर आलं. मी हिला खोटी म्हणाले. इथेच, या वहीत, सात तारखेला.

मग अकरा तारखेचं लावलं, पदरावर वळलेलं. या वेळी मान खाली घातली नाही. आक्काचे हात पहिल्यांदा पाहिले. तोंड अडखळत होतं, पण हात कुठे थांबत नव्हते. आणि हात जे करत होते ते मी कधीच केलेलं नाही. मी वडी दाबते. दोन्ही तळव्यांनी दाबून आकार देते. आक्का वडीला हातच लावत नाही. फडक्याची दोन टोकं उचलते, वर ताणते आणि आपल्याकडे ओढून घेते, झोपलेल्या पोराला कुशीवर वळवावं तसं. जे करायचं ते फडकं करतं.

पाण्याचा काही संबंधच नव्हता.

१ डिसेंबर, सोमवार

समृद्धीला फोन केला, आक्का झोपल्याच्या वेळी. फोटोचा कोपरा पाहिला म्हणाले. ती म्हणाली की हे विसरणं आई गावात होत्या तेव्हापासूनच आहे. दोनदा गॅस चालू राहिला होता, म्हणून रामनाथने नेलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढत जाईल. मी विचारलं, मला का सांगितलं नाही गं, मी काय परकी आहे का.

समृद्धी म्हणाली, "काकी, आईंनीच शपथ घातली व्हती. म्हणाल्या, अंजनेला कळू देऊ नका. ती रडत बसंल नि बेसन करपवंल."

मला हसू फुटलं आणि मग दोघीही रडलो. ती पुढे म्हणाली, तुमचा कॉल यायचा असला की आधी अर्धा तास फोटो मांडीवर घेऊन बसतात. नाव घोकतात. अंजना, येडगाव, धाकटी. इथे कोणाशी बोलणं नाही, शेजारणीशी खुणांवर चालतं. दिवसभरात तेवढंच एक काम असल्यासारखं करतात.

मग मी माझं सांगितलं. चोरून रेकॉर्ड केलं, तिला खोटं पाडायला केलं. वाटलं, पोर चिडेल. ती म्हणाली, "मला पाठवाल का ते? आवाज नसू दे. त्यात तुमचं नाव घेताना दिसतात ना. पुढं ते बी राहणार नाय."

सातही पाठवले. जायला अर्धी दुपार लागली.

७ डिसेंबर, रविवार

पहाटे चारला चूल पेटवली. मंगल आणि गटातल्या दोघी मदतीला आल्या. वळायची वेळ आली तशी त्या तिघींनी सवयीने तोंडं फिरवली. मी पाट उचलला, भिंतीकडे पाठ केली आणि त्यांच्याकडे तोंड करून बसले. म्हटलं, बघा.

मंगल म्हणाली, "अगं, फुटंल की."

"फुटू दे. बघ तू."

फडक्याची टोकं उचलली, ताणलं, ओढलं. पहिली फुटली. दुसरीही जरा चिरली. तिसरी वळली आणि पाटावर अशी पडून राहिली की मंगल वाकून तिच्यावर चीर शोधायला लागली. पन्नासांत पाच फुटल्या. त्या आम्हीच संपवल्या.

कळंबला मांडवात त्या बाई भेटल्या. मी आधीच सांगून टाकलं: आक्का कोइमतूरला आहे, तुमच्याशी खोटं बोलले, हात माझे आहेत. रीत तिची आहे. त्यांचं तोंड उतरलं. मग एक वडी उचलून खाल्ली, दुसरी खाल्ली. म्हणाल्या, "आदी सांगितलं असतं तर मी ऑर्डर दिली नसती. आता बोलून काय." आणि तिसरी उचलली. ते मी कौतुक म्हणून धरलं.

येताना जीपमध्ये आक्काला सांगावंसं वाटलं. मग आठवलं, सांगणारी कोण ते आधी तिला आठवावं लागेल.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज बाळासाहेबांच्या केंद्रात काँप्युटरवर कॉल केला. रांगेतल्या माणसांना त्यांनी जरा थांबवून ठेवलं. पडद्यावर आक्का इतकी मोठी दिसली की मी खुर्ची मागे घेतली. तिच्या कपाळावरची देवीची खूण मी किती वर्षांनी नीट पाहिली.

पाटी यायच्या आधी मी विचारलं, आक्का, तुमचा आवाज ठेवून घेऊ का माझ्यापाशी?

"घे की," म्हणाली. "माझा आवाज काय सोन्याचा डाग हाये का, मोडून खाशील."

एवढंच बोलली. आणि हे पाटीच्या आधी. नंतर काँप्युटरमधून इंग्रजीत कोणीतरी बाई बोलली, लाल खूण लागली, आणि आक्का दबकली. अनोळखी बाईचा आवाज, मोठा पडदा. ती पदराची कड बोटाला गुंडाळत बसली. मी काय काय विचारलं, मोरीचं, तांदळाचं. तिने समृद्धीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हसली. बोलली नाही. अठरा मिनिटं.

बाळासाहेबांनी ते पेनड्राइव्हवर घालून दिलं आणि माझ्या फोनमध्येही. आवाज स्पष्ट आला आहे. कुकरच्या पाच शिट्ट्या आहेत, कावळा आहे, समृद्धीच्या बांगड्या आहेत. एकदा आक्का मोठा श्वास घेते. घरी येऊन तो श्वास मी पाच-सहा वेळा ऐकला.

फोनमध्ये बोलणं आहे, आवाज नाही. यात आवाज आहे, बोलणं नाही. हे ह्यांना सांगितलं तर ते काही विनोद करणार होते, पण माझ्याकडे पाहून त्यांनी शेंगा फोडायला घेतल्या. सोललेले दाणे माझ्या पुढ्यात सारले.

२७ डिसेंबर, शनिवार

आता रेकॉर्ड करत नाही. रोज दीडला कॉल लावते, फोन चहाच्या डब्याला टेकवते आणि काम करत बोलते. तिला बोलायचं नसलं तर मी गावातलं सांगते. फेब्रुवारीत कांदा निघाला की जाऊन येऊ, असं हे म्हणालेत. तोवर असंच.

आज समृद्धी फोन टेकवून ठेवून दूध घ्यायला दाराशी गेली. फोटो धरायला कोणी नव्हतं. आक्काने माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि पदर सारखा केला.

"कुठल्या तुमी?"

नाव तोंडाशी आलं होतं. पण ती इतकी मोकळी बसली होती, घोकलेलं काही आठवायचं नाही अशी. मी म्हणाले, येडगावची.

तिचं तोंड उजळलं. "येडगावला माझी धाकटी जाऊ असती. अंजना. वळखता का?"

"वळखते."

"मासवडी खायची तर तिच्या हातची खा. सारण तिच्यासारकं कुणाचं नाय. तीळ भाजावं तर तिनं. मी नुसती वळायचे, लोक माझं नाव घ्यायचे." मग जरा पुढे वाकली, कोणी ऐकत नाही ना असं पाहून. "तिला मी कदी बोलले नाय. डोक्यावर बसली असती."

हातात कणीक होती, ती तशीच धरून बसले.

"भेटली तर सांगा तिला," म्हणाली. "पण लगीच नका सांगू. आदी तिच्या हातची मासवडी खा पोटभर, मग सांगा."

"सांगते," म्हणाले.

समृद्धी आली, फोटो घेतला, आणि आक्का म्हणाली, "अंजने, कवा आलीस गं?"

यातलं काही कुठल्या फोनमध्ये नाही, काँप्युटरमध्ये नाही. लाल ठिपका नव्हता. म्हणून कणकेचे हात धुऊन लगेच इथे उतरवलं, तिच्या शब्दाला माझा शब्द लागू न देता.

मग तीळ भाजले. बेसन हाटलं, फडकं ओलं केलं. एकच वळली, दोन माणसांपुरती. रिकाम्या खिळ्याच्या भिंतीकडे पाठ करून बसले आणि पोटभर खाल्ली. हात पुसले आणि वरचं सगळं पहिल्यापासून वाचलं.

निरोप पोचला, आक्का.